एक लांब, दोन आखूड

साधारण १९०५ सालची गोष्ट समजा. अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं एक शेतघर. सर्वांत जवळचा शेजारी अर्ध्या मैलावर, गाव पाच-सहा मैलांवर. घरात वीज नाही, नळ नाही. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात जेवणं चालली आहेत आणि भिंतीवरची लाकडी पेटी खणखणते. एक लांब घंटी, मग दोन आखूड. जेवणारे हातातला घास तसाच धरून ऐकतात. ही आपली घंटी नाही. आपली दोन लांब, एक आखूड. ही पलीकडच्या टेकडीवरच्या घराची. म्हणजे फोन त्यांना आलाय. तरीही घरातली बाई हळूच उठते, पेटीपाशी जाते, अलगद रिसीव्हर उचलते आणि बोलायच्या भोंग्यावर तळहात ठेवून ऐकायला लागते.

त्याच क्षणी त्या तारेवरच्या आणखी पाच-सात घरांत हेच चाललेलं असतं.

फोन म्हणजे खासगी वस्तू, असं आपण गृहीत धरतो. पासवर्ड आपला, पॅटर्न आपला; कुणी मान वाकडी करून स्क्रीनकडे बघितलं तरी राग येतो. पण खेड्यापाड्यांतल्या लाखो माणसांच्या घरात फोन पहिल्यांदा आला तो असा नव्हता. तो सगळ्यांचा मिळून एक होता. तो कसा चालायचा, कुणी उभा केला आणि पुढे त्याचं काय झालं, ही गोष्ट वाटते तितकी गोड नाही आणि सरळही नाही.

कंपनी येत नाही, मग आपणच

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. दुसरं महत्त्वाचं पेटंट १८७७ च्या जानेवारीत. या दोन कागदांच्या जोरावर बेलच्या कंपनीने सुमारे सतरा वर्षं अमेरिकेतला टेलिफोन एकहाती चालवला. यंत्र ती विकत देत नसे, भाड्याने देई. धंदा होता शहरांत : बँका, दलाल, वखारी, डॉक्टर. एका शेतकऱ्यासाठी मैल-दोन मैल खांब रोवायचे आणि वर्षाकाठी त्याच्याकडून काही डॉलर घ्यायचे, हा हिशोब कंपनीला परवडण्यासारखा नव्हता.

१८९३ आणि १८९४ मध्ये ही पेटंटं संपली आणि दार उघडलं. टेलिफोनची यंत्रं बनवणारे नवे कारखाने निघाले. शिकागोत १८९४ साली सुरू झालेली स्ट्रॉमबर्ग-कार्लसन ही त्यांतलीच एक कंपनी. हे कारखाने यंत्र थेट गिऱ्हाइकाला विकत. पुढे सिअर्स रोबकच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये नांगर, शिवणयंत्र आणि बुटांच्या जोडीला टेलिफोनही झळकू लागला. टपालाने मागवा, भिंतीवर ठोका.

पण यंत्र म्हणजे फोन नव्हे. तार लागते, खांब लागतात, आणि पलीकडे कुणीतरी लागतं. इथे शेतकऱ्यांनी जे केलं ते आपल्याकडच्या सावडीसारखं किंवा इर्जिकेसारखं होतं. आठ-दहा घरं एकत्र यायची. प्रत्येकाने आपल्या रानातले अमुक इतके खांब तोडून आणायचे, आपल्या हद्दीत खड्डे खणायचे, तारेच्या भेंडोळ्यासाठी वर्गणी काढायची. एकाला अध्यक्ष करायचं, एकाला खजिनदार, वहीत चार नियम लिहायचे. झाली टेलिफोन कंपनी. अशा हजारो लहानमोठ्या सहकारी लाइनी त्या काळात मध्य-पश्चिम अमेरिकेत उभ्या राहिल्या. नफा हा कुणाचाच हेतू नव्हता. खर्च निघाला म्हणजे पुष्कळ झालं.

काही ठिकाणी तर नवी तार ओढायचीही गरज पडली नाही. जोसेफ ग्लिडनच्या १८७४ च्या पेटंटनंतर काटेरी तारेची कुंपणं गवताळ प्रदेशात मैलोन्‌मैल पसरली होती. तार ती तारच. कुणाच्या तरी लक्षात आलं, की कुंपणाच्या वरच्या तारेला दोन्ही टोकांना फोन जोडला तर आवाज जातो. मग पश्चिमेकडच्या रँचवर कुंपणाचेच टेलिफोन झाले. तार लाकडी खांबाला थेट टेकली, की ओल्या दिवसांत विद्युतप्रवाह जमिनीत उतरायचा. म्हणून मध्ये चामड्याचे तुकडे, फुटक्या बाटल्यांच्या माना, असं हाताला येईल ते बसवत. फाटक आलं, की दोन्ही बाजूंना उंच खांब रोवून तार त्यावरून पलीकडे न्यायची. पाऊस पडला की आवाज मरायचा. एखाद्या बैलाने खांबाला पाठ घासून तार तोडली की बोलणंच बंद.

भिंतीवरची पेटी

घरात वीज नसताना फोन चालायचा कसा?

पेटीच्या आत दोन-तीन बॅटऱ्या असत. बोलण्यासाठी लागणारा प्रवाह त्या पुरवत. घंटी वाजवायला जास्त जोर लागे. त्यासाठी पेटीच्या उजव्या अंगाला एक दांडा असे. तो फिरवला, की आतलं छोटं जनित्र फिरे आणि तारेवर वीज जाई. तुमच्या मनगटाच्या ताकदीवर पलीकडच्या घंट्या वाजत. एखादा वेढा म्हणजे आखूड घंटी, तीन-चार वेढे म्हणजे लांब.

मात्र तार सगळ्यांची एकच. त्यामुळे दांडा फिरवला की लाइनवरच्या सगळ्या घरांतल्या घंट्या एकदम वाजत. फोन नेमका कुणाचा हे कळायला प्रत्येक घराला खूण ठरवून दिलेली असे : एक लांब दोन आखूड, तीन आखूड, दोन लांब एक आखूड. हाच त्या घराचा नंबर. लाइनवर आठ घरं असोत की वीस, दिवसभर सगळ्यांच्या घंट्या सगळ्यांच्या घरात वाजत राहायच्या, आणि माणसं आपली तेवढी ऐकून बाकीच्या सोडून द्यायला शिकायची. निदान तसं शिकणं अपेक्षित होतं.

फोन लावण्याचीही रीत होती. आधी रिसीव्हर उचलून कुणी बोलत नाही ना हे पाहायचं. मग तो परत आकड्याला अडकवायचा, शेजाऱ्याची खूण वाजवायची, पुन्हा उचलायचा आणि वाट बघायची. आपल्याच लाइनवरच्या माणसाशी बोलायला मध्ये कुणीच लागत नसे. दुसऱ्या लाइनवर किंवा गावात बोलायचं असेल तर एक लांब घंटी : ही सेंट्रलची, म्हणजे गावातल्या एक्स्चेंजची. बोलणं संपलं की छोटीशी घंटी द्यायची, म्हणजे सेंट्रलला कळे की आता जोडणी काढायला हरकत नाही.

खर्च वाचवण्यासाठी एक युक्ती सर्रास वापरली जाई. विद्युतप्रवाहाला जायला आणि यायला अशा दोन तारा लागतात. शेतकऱ्यांनी एकच ओढली आणि परतीचं काम धरणीमातेवर सोपवलं. घराशेजारी जमिनीत लोखंडी दांडी ठोकायची आणि फोनची दुसरी वायर तिला जोडायची. तारेचा खर्च निम्मा. पण जमीन कोरडी पडली की फोन कुरकुरायचा. मग उन्हाळ्यात त्या दांडीभोवती बादलीभर पाणी ओतायचं. आपल्याकडे गॅलरीच्या एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिल्याशिवाय रेंज येत नाही, त्यातलाच हा प्रकार. पावसाळी आभाळ आलं की वेगळीच भीती. तारेवर पडलेली वीज थेट घरात येऊ शकते, म्हणून भिंतीवरची कळ ओढून फोन तारेपासून तोडून ठेवत.

तारेला कान

भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. इथे तारेलाच होते.

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकण्याला त्या लोकांच्या बोलीत एक खास शब्दच होता : 'रबरिंग'. मान रबरासारखी ताणून डोकावणं. कुणी ते करत असल्याचं कबूल करत नसे आणि करत मात्र बहुतेक सगळे. नियमांच्या वहीत लिहिलेलं असे : दुसऱ्याचं ऐकू नये, शिवीगाळ करू नये, पाच मिनिटांच्या वर बोलू नये. नियम लिहावे लागले, यातच सगळं आलं.

गंमत अशी, की ऐकणारा पूर्णपणे लपू शकत नसे. एकेक जण रिसीव्हर उचलू लागला, की तारेवरचा क्षीण प्रवाह तितक्या ठिकाणी वाटला जाई आणि मूळ बोलणाऱ्यांचा आवाज खोल जाई. मग बोलणारा वैतागून सांगे, "आता जरा फोन ठेवा, मला पलीकडचं ऐकू येत नाहीये." पटापट दोन-तीन खट्‌खट् आवाज येत आणि बोलणं पुन्हा स्पष्ट होई. शिवाय प्रत्येक घराचे आवाज वेगळे. कुणाच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, कुणाचं रडणारं मूल, कुणाचा पोपट. कोण ऐकतंय हे बोलणाऱ्याला पार्श्वसंगीतावरून कळायचं. रिसीव्हर वर असला की पेटीतल्या बॅटऱ्याही संपत जात, म्हणजे चोरून ऐकण्याचा भुर्दंड ज्याचा त्यालाच.

याकडे नुसती चहाटळकी म्हणून बघणं सोपं आहे. पण त्या घरांची मांडणी आठवा. आपल्याकडे घरं गावठाणात एकमेकांना खेटून आणि शेतं बाहेर. अमेरिकेच्या गवताळ मुलखात प्रत्येक जण आपापल्या शेतात राहायचा. पार नाही, चावडी नाही, पाणवठा नाही. पुरुष निदान बाजाराच्या निमित्ताने गावात जात. घरातल्या बाईला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे घरच्यांपलीकडचं माणूस दिसायचं नाही. स्थानिक बोलण्याचे वेगळे पैसे पडत नसत. वर्षाची वर्गणी दिली की झालं. त्यामुळे ज्या यंत्राची जाहिरात बाजारभाव आणि डॉक्टर यांच्यासाठी झाली होती, ते या बायकांनी स्वतःसाठी वापरायला घेतलं. लोणी किती निघालं, कोंबडी खुडूक बसली का, पोराचा ताप उतरला का. ठरलेल्या वेळी चार-पाच जणी एकदम लाइनवर येत आणि निवडण-टिपण करता करता बोलत बसत. कुणी संध्याकाळी भोंग्यासमोर फिडल वाजवी, कुणी ग्रामोफोन लावी. बाकीची घरं रिसीव्हर कानाला लावून ऐकत. रेडिओ अजून यायचा होता.

अर्थात याची दुसरी बाजू होतीच. ज्या बाईला नवऱ्याच्या मारझोडीबद्दल आईला सांगायचंय, ज्या मुलीचं दिवस राहण्याचं गुपित आहे, ज्या शेतकऱ्याला सावकाराकडे मुदत मागायचीय, त्यांच्यासाठी ही तार म्हणजे बाजारात उभं राहून बोलण्यासारखं होतं. ते बोलणं एक तर अडवळणाने करायचं, नाही तर घोडा जोडून प्रत्यक्ष जायचं. एकटेपणा संपवणारी तीच वस्तू एकांतही संपवत होती.

दवंडी

सगळ्यांच्या घंट्या एकदम वाजतात ही अडचण होती, तशी सोयही. एक खूण सगळ्यांसाठी राखून ठेवलेली असे. कुठे एक फार लांब घंटी, कुठे ओळीने बऱ्याच आखूड. ती वाजली की प्रत्येक घराने रिसीव्हर उचलायचाच. ही दवंडीच, फक्त तारेवरची. अमक्याच्या कोठाराला आग लागलीय, बादल्या घेऊन या. तमक्याचं पोर सापडत नाही. मळणीयंत्र उद्या अमक्याच्या खळ्यावर येणार.

अनेक एक्स्चेंजांतून रोज ठरलेल्या वेळी अशीच घंटी देऊन हवामानाचा अंदाज, बरोबर वेळ आणि बाजारभाव सांगत. अमेरिकेच्या हवामान खात्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपले अंदाज या ग्रामीण लाइनींवरून पोचवायला सुरुवात केली होती. कापून ठेवलेलं गवत पावसात भिजवायचं की आज रात्रीच आत घ्यायचं, हा एका वर्षाच्या चाऱ्याचा प्रश्न असे. गाडी जोडून सहा मैल गेल्यावर भाव पडलाय हे कळणं आणि निघण्याआधी कळणं, यातला फरक कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

सेंट्रल

या सगळ्या तारा एका ठिकाणी जिथे मिळत, तिथे एक बाई बसलेली असे. एक्स्चेंज म्हणजे बहुधा दुकानाच्या माडीवरची खोली, किंवा तिच्या घराचीच बैठक. समोर लाकडी फळा, त्यावर प्रत्येक लाइनची छोटी झडप. कुणी दांडा फिरवला की त्या लाइनची झडप खाली पडे. बाई त्या छिद्रात खुंटी घाली, विचारी, आणि दुसरी खुंटी हव्या त्या लाइनमध्ये खोचून घंटी देई. रात्री ती फळ्याशेजारीच झोपे, घंटेने उठे.

लोक तिला नंबर सांगतच नसत. "डॉक्टरांना दे" म्हटलं, की ती म्हणे, ते आत्ताच पुलापलीकडच्या बाळंतिणीकडे गेलेत, तिथे लावून देते. सर्च इंजिन, लोकेशन, नोटिफिकेशन सगळं एकाच बाईत. तिच्या हाती केवढी सत्ता होती हे एका प्रसिद्ध दंतकथेवरून कळतं. आल्मन स्ट्रॉउजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवणारा माणूस. त्याचा संशय असा, की ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते. गोष्टीत किती तथ्य आहे ते सोडा. त्याने ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राचं पेटंट १८९१ मध्ये घेतलं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त इथे ते पहिल्यांदा सुरू झालं, हे मात्र खरं.

दुसऱ्या बाजूला सॅली रूक आहे. न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम या छोट्या गावाची ती ऑपरेटर. २७ ऑगस्ट १९०८ च्या रात्री वरच्या अंगाला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ड्राय सिमारॉन नदीचा लोंढा गावाकडे निघाल्याची खबर तिला फोनवर मिळाली. तिला निघून जाता आलं असतं. ती फळ्यासमोर बसून एकेक झडप, एकेक लाइन घेत घरोघरी घंट्या देत राहिली : पूर येतोय, उंचावर जा. कित्येक कुटुंबं त्या घंटीने वाचली. गावात सतरा-अठरा माणसं गेली, त्यांत ती होती. तिचा देह नदीच्या खालच्या अंगाला कित्येक मैलांवर पुढे काही महिन्यांनी सापडला. १९२६ साली टेलिफोन कर्मचाऱ्यांनी लहान लहान वर्गण्या जमवून तिच्या कबरीवर स्मारक उभारलं. त्याच पुराने कापलेल्या ओघळीत जॉर्ज मॅक्जंकिन या कृष्णवर्णीय काउबॉयला रानगव्यांची जुनी हाडं दिसली आणि पुढे तिथेच झालेल्या उत्खननाने हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता हे सिद्ध झालं. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत फॉल्समचं नाव त्यामुळे आहे. सॅली रूकचं तिथे सहसा नसतं.

उलटी गंगा

आता या गोष्टीतला न पटणारा भाग. १९२० च्या अमेरिकन जनगणनेनुसार जवळपास ३९ टक्के शेतघरांत टेलिफोन होता. देशातल्या एकूण कुटुंबांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. म्हणजे खेडं शहराच्या पुढे होतं. तेही अशा काळात, जेव्हा शेतघरांत विजेचा पत्ता नव्हता. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतही दहातल्या नऊ शेतघरांत वीज पोचली नव्हती.

आणि मग आकडे मागे फिरले. १९३० मध्ये ३४ टक्के. १९४० मध्ये २५ टक्के. तंत्रज्ञान एकदा आलं की पसरतच जातं, या आपल्या समजुतीला हे आकडे जुमानत नाहीत.

कारणं अनेक. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, दहा वर्षांनी महामंदी आली. वर्गणी परवडेना. मोटार आली, रेडिओ आला. जे काम फोन करी त्यातलं थोडं एकीने, थोडं दुसऱ्याने उचललं. पण सगळ्यांत मोठं कारण त्या लाइनींच्या जन्मातच होतं. खांब सावडीने रोवले गेले. ते बदलायला मात्र सावड जमली नाही. उभारणीचा उत्साह असतो, डागडुजीचा नसतो. वर्गणी मुद्दाम कमी ठेवलेली, गंगाजळी शून्य. पंधरा-वीस वर्षांत खांब कुजले, तार गंजली, आवाज इतका खालावला की पैसे का भरावेत असा प्रश्न पडू लागला. एक घर गेलं की उरलेल्यांचा वाटा वाढे, मग दुसरं जाई.

बाहेरच्या जगाशी नातंही तसं कधी सरळ नव्हतंच. बेल कंपनी लांब पल्ल्याच्या लाइनी आपल्या हाती ठेवून होती आणि स्वतंत्र कंपन्यांना जोडून घेत नव्हती. कित्येक गावांत दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन. एकावरून दुसऱ्यावर बोलता येत नसे, म्हणून दुकानदार गल्ल्यावर दोन्ही ठेवी. १९१३ च्या डिसेंबरात सरकारी दडपणाखाली बेलच्या मालक कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याची जोडणी द्यायचं मान्य केलं, तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. पण जोडणी हवी तर लाइन चांगली हवी, आणि नेमकी तीच नव्हती.

शेवटचा घाव विजेने घातला. १९३५ नंतर सरकारी योजनेतून खेड्यांत वीज आली. तिच्या तारा रस्त्याच्या कडेने फोनच्या तारेला समांतर गेल्या, आणि जमिनीवर भिस्त ठेवणाऱ्या त्या एकतारी फोनमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज भरला. दुसरी तार ओढणं हाच उपाय. त्यासाठी पैसा हवा होता आणि तो सहकारी वहीत नव्हता. अखेर १९४९ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने ग्रामीण टेलिफोनसाठी स्वस्त सरकारी कर्ज उपलब्ध झालं आणि गंगा पुन्हा सरळ वाहू लागली. पुष्कळशा शेतकरी मंडळ्या विकल्या गेल्या, काही त्या कर्जावर नव्याने उभ्या राहिल्या.

दांड्याचा फोन पुढेही तुरळक तग धरून होता. मेन राज्यातल्या ब्रायंट पाँड या गावात एका कुटुंबाच्या घरातच एक्स्चेंज होतं आणि तिथले चारेकशे ग्राहक दांडा फिरवूनच फोन करत. १९८३ मध्ये तो बंद होऊन डायल आली तेव्हा गावातल्या काहींनी विरोधाची मोहीम काढली होती. दांडा काढू नका, ही त्यांची मागणी. कुणीतरी आपल्याला नावाने ओळखतं, हे सोडवत नव्हतं.

आपल्याकडची तार

हे सगळं वाचताना मनात येतं, की असं आपल्याकडे का झालं नाही? मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत, म्हणजे बेलच्या पेटंटनंतर सहाच वर्षांनी. उशीर तंत्रज्ञानाचा नव्हता. गरिबी होती, हे उघड आहे. पण आणखी एक गोष्ट होती. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तार उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला आणि टेलिफोनही त्यातच मोडला. परवाना मिळाल्याशिवाय दोन वाड्यांमध्ये तार ओढून बोलणं बेकायदा. आयोवातला शेतकरी कुंपणाला फोन जोडू शकत होता. साताऱ्यातल्या शेतकऱ्याने तेच केलं असतं तर सरकारच्या मक्तेदारीला हात घातला असता. तार म्हणजे राज्य चालवण्याचं साधन, ही १८५७ नंतरची धास्ती त्या कायद्यात होती. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा राहिला.

त्यामुळे आपल्या खेड्यात फोन वरून आला आणि एकच आला : पोस्टात. ट्रंक कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून वाट बघायची. लागला की ओरडून बोलायचं, म्हणजे पोस्टातल्या सगळ्यांनी ऐकायचं. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने धूळ आणि उकाड्यात एअर कंडिशनरशिवाय चालणारं छोटं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. घरात विचाराल तर वडीलधारी माणसं अजून 'पी.पी. नंबर' सांगतील : शेजाऱ्यांचा नंबर, जो लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर आपला म्हणून बिनदिक्कत लिहिला जाई. गॅलरीतून "तुमचा फोन आलाऽऽय" अशी हाक यायची आणि चपला न घालता धावायचं. बोलणं शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, त्यांच्या देखत. तार एकट्याची असली तरी फोन इथेही वाटून घेतलेलाच होता.

आता प्रत्येकाच्या खिशात स्वतःची घंटी आहे आणि ती दुसऱ्या कुणाच्या घरात वाजत नाही. आपलं बोलणं कुणी ऐकत असेलच, तर आवाज खोल जात नाही, घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. आयोवातल्या त्या बाईला निदान एवढं तरी कळत होतं, की पलीकडे कोण आहे. वैताग आलाच तर नाव घेऊन "ठेव आता" म्हणायची सोय होती.